आबांच्या ट्रंकेतली पासबुकं: हे पैसे आता मिळतात काय?

खानापूरकर | रविवार, रात्री ९.१२

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. दिवाळीत गावाकडच्या घराचा माळा रिकामा केला. गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, घर कौलारू, यंदा कौलं काढून पत्रे घालायचं ठरलंय. माळ्यावर आमच्या आजोबांची, आबांची, लोखंडी ट्रंक निघाली. आबा मुंबईत गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत. २००४ ला वारले. ट्रंकेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं हे सापडलं:

मलप्रभा ग्रामीण बँकेचं पासबुक, शेवटची नोंद ऑगस्ट २००३, शिल्लक ४,३१२ रुपये. गिरणीच्या पीएफची १९८१ ची चिठ्ठी, त्यावर नंबर आहे. एलआयसीच्या तीन पावत्या. आणि दोन इंदिरा विकास पत्रं, त्यातलं एक वाळवीनं अर्धं खाल्लंय.

काकांचं म्हणणं, "ते सगळं सरकारजमा झालं, चुलीत घाल." त्या नावाची बँकच आता कुठल्या पाटीवर दिसत नाही. चुलीत घालू काय?

कॅश_काउंटर_३ | रविवार, रात्री १०.०५

घालू नका ओ! पस्तीस वर्षं बँकेत काढलीत, त्यातली बरीच याच जिल्ह्यात, म्हणून सांगतो.

आधी ते "सरकारजमा" डोक्यातून काढा. खात्यावर दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते. हा निधी २०१४ पासूनचा. पण रक्कम भरली म्हणजे हक्क गेला असं नाही. खातेदार किंवा वारस कधीही येऊन मागू शकतो, त्याला मुदत नाही. मागायचं बँकेकडेच. बँक तुम्हाला देते आणि मग रिझर्व्ह बँकेकडून वसूल करते. ३१ मार्च २०२४ ला या निधीत ७८,२१३ कोटी पडून होते. त्यात आपल्या भागातल्या किती ट्रंका असतील ते देव जाणे.

व्याजही मिळतं, पण सरळव्याज. आधी ४ टक्के होतं, २०१८ च्या जुलैपासून साडेतीन आणि ११ मे २०२१ पासून ३.

आता तुमची बँक. मलप्रभा ग्रामीण २००५ ला विजापूर, वरदा आणि नेत्रावती या ग्रामीण बँकांबरोबर एक होऊन कर्नाटक विकास ग्रामीण बँक झाली, धारवाडची. ती १ मे २०२५ पासून बळ्ळारीच्या कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. म्हणजे पासबुक आजीचं, बँक आता नातीची. शाखा बहुतेक तिथंच असेल, पाटी तेवढी तिसऱ्यांदा रंगवलेली.

बाकीच्यांनीही ट्रंका उघडल्या तर म्हणून लिहून ठेवतो. सिंडिकेटचं पासबुक असेल तर कॅनरात जा, कॉर्पोरेशनचं असेल तर युनियनमध्ये, दोन्ही २०२० पासून. विजया बडोद्यात गेली २०१९ ला, स्टेट बँक ऑफ मैसूर स्टेट बँकेत २०१७ ला. सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये आणि सातारची युनायटेड वेस्टर्न त्याच्या आदल्या वर्षी आयडीबीआयमध्ये. आणि कुणाच्या पणजोबांचं "बेळगाव बँक" असं लिहिलेलं काही निघालं, तर ती १९७५ ला युनियन बँकेत विलीन झाली. तसलं निघालं तर मला फोटो दाखवा, मी पाहिलेलं नाही.

उचगाव_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ७.४८

रिझर्व्ह बँकेचं "उद्गम" म्हणून संकेतस्थळ आहे, ऑगस्ट २०२३ पासून. मोबाइल नंबरनं नोंदणी करायची, खातेदाराचं नाव घालायचं, बँक निवडायची, मग पॅन, मतदार कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, जन्मतारीख यातलं एक. काहीच नसेल तर पत्ता घालून बघता येतंय. पैसे लागत नाहीत.

पण माझी गंमत ऐका. आमच्या बाबांचं नाव मारुती. सहा वेळा घातलं, सहा वेळा "नोंद आढळली नाही". सातव्या वेळी मुलीनं सहज टीच्या पुढे एच घातला आणि टपकन नाव आलं! १९९४ ला खातं उघडताना क्लार्क दक्षिणेकडचे होते. त्यांच्याकडे "त" म्हटलं की टी-एच. बाबांनी कन्नडमध्ये सांगितलं असेल नाहीतर मराठीत, कागदावर उतरलं ते तिसरंच.

तेव्हापासून घरात सगळ्यांची नावं अशी शोधलीत. शांता, सावित्री, ज्योतिबा, सगळ्यांना एच लावून बघा. लक्ष्मणची तर आम्हाला चार स्पेलिंगं मिळाली, एकात केएसएच, एकात एक्स, आणि एकात मधेच यू घातलाय, लक्षुमण. आडनाव गाळूनही बघा. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या खात्यावर आडनावच नाही, नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि गावाचं पहिलं अक्षर.

खानापूरकर | सोमवार, दुपारी १.२०

उद्गमवर एच लावून, काढून, सगळं केलं. काही नाही.

कॅश_काउंटर_३ | सोमवार, दुपारी १.५५

नसणारच. माझी चूक, आधी सांगायला पाहिजे होतं. उद्गमवर २०२४ च्या मार्चपर्यंत ३० बँका आल्या होत्या. निधीतल्या रकमेचा नव्वद टक्के भाग त्यांच्याकडचा, म्हणून लोकांना वाटतं तिथं सगळंच दिसतं. ग्रामीण बँका आणि बहुतेक सहकारी बँका त्यात नव्हत्या. उद्गमवर नाव नाही म्हणजे पैसे नाहीत असं नव्हे. प्रत्येक बँकेनं बेवारस ठेवींची यादी आपल्या संकेतस्थळावर लावायची असते, तिथं बघा. आणि पासबुक हातात असताना संकेतस्थळ कशाला शोधताय? सरळ शाखेत जा.

वडगावकरीण | सोमवार, रात्री ८.३०

तुमचं बरं आहे, बँक तरी आहे. आमच्या आईनं मागावरच्या पगारातून दहा-दहा रुपये पिग्मीवाल्याकडे भरले, अठरा वर्षं. तो रोज संध्याकाळी सायकलवरून यायचा, वहीत लिहायचा, आईच्या बोटाला खळ लागलेली असायची म्हणून वहीच्या पानांवर ठसे आहेत. सोसायटी बंद पडली. आईला अजून वाटतं की कुठंतरी सरकारकडे असतील.

कॅश_काउंटर_३ | सोमवार, रात्री ९.०२

ताई, खोटी आशा लावत नाही. सोसायटी सौहार्द (कर्नाटकच्या वेगळ्या सहकार कायद्यातली) असो, साधी पतसंस्था असो नाहीतर बहुराज्यीय, ती बँक नव्हे. तिथल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या या निधीत येत नाहीत, उद्गमवर दिसत नाहीत आणि बँकेच्या ठेवीवर जो पाच लाखांपर्यंतचा विमा असतो तोही त्यांना नाही. पाटीवर "को-ऑपरेटिव्ह" वाचून लोकांची गफलत होते. सहकारी *बँक* असेल तर विमा आहे, *सोसायटी* असेल तर नाही. सोसायटी अवसायनात निघाली असेल, म्हणजे बंद करून देणी भागवायला काढली असेल, तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे अवसायक कोण नेमलाय ते विचारा आणि त्याच्याकडे वहीसकट लेखी दावा करा. वही टाकू नका.

वडगावकरीण | सोमवार, रात्री ९.१०

वही देवघरात आहे.

गिरणगावचा_नातू | मंगळवार, रात्री ११.४०

पीएफवर मी बोलतो. आमचे आजोबाही लालबागला, गाव गर्लगुंजी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा या पट्ट्यातले कितीतरी जण "पंधरा दिवसांत मिटेल" म्हणून एक पिशवी घेऊन गावी आले. हिशेब मागायला परत कोण जाणार? त्यामुळे पीएफ राहिलेले बरेच असणार.

चिठ्ठीवरचा नंबर जपा, तोच सगळं. आधी राज्याची अक्षरं, मग गिरणीचा कोड, मग माणसाचा नंबर. हल्लीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर, २०१४ ला आला, त्याआधी सोडून गेलेल्यांना तो नाही, त्यामुळे ॲपवर काही दिसणार नाही. ज्या कार्यालयाच्या हद्दीत गिरणी होती तिथं लिहायचं. पीएफचं ऑनलाइन तक्रार-पोर्टल आहे, त्यावर जुना नंबर, गिरणीचं नाव, वडिलांचं नाव घालून विचारा. एक मेख आहे. काही गिरण्यांचे पीएफ सरकारकडे नव्हते, त्यांचे स्वतःचे ट्रस्ट होते. तसं असेल तर पैसे ट्रस्टकडून कार्यालयाकडे वर्ग झाले की नाही, इथून चौकशी सुरू होते. माझी चौदा महिने चालली. सदस्य वारला असेल तर फॉर्म २० भरायचा.

आणि आमचं गाडं अडलं कुठं माहितीय? मृत्यूच्या दाखल्यावर. आजोबांचा दाखला तलाठ्यानं हातानं लिहिलेला, पूर्ण कन्नडमध्ये. मुंबईच्या टेबलावरच्या बाईंनी तो उलटा धरला होता! त्यांची चूक नाही, त्यांना काय कळणार. मग इथून नव्यानं संगणकी दाखला काढला, त्यात कन्नड आणि इंग्रजी दोन्ही येतंय. तो नेला तर त्यात आजोबांच्या नावात...

उचगाव_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ११.४४

एच!

गिरणगावचा_नातू | मंगळवार, रात्री ११.४६

होय की ओ. दत्तात्रयमध्ये दोन. गिरणीच्या चिठ्ठीवर एकही नाही. "दोन्ही व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र, नोटरी, वर मराठी शाळेचा दाखला जोडला तेव्हा मानलं. चौथीपर्यंतची शाळा कामाला आली ती अशी.

निपाणीकर | बुधवार, सकाळी १०.१५

आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांचं पीएफ असतंय, त्यांचीही हीच कथा. पण मी दुसऱ्याच कारणानं लिहितोय. सध्या गावोगावी एजंट फिरायलेत. "तुमच्या सासऱ्यांच्या नावावर अमुक लाख आहेत, वीस टक्के द्या, काढून देतो." आमच्या मावशीकडून आधार, पासबुक आणि दोन कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन गेला. पैसे किती होते? नऊशे चाळीस. कोऱ्या कागदाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. फोनवर ओटीपी मागणारे वेगळेच.

रविवारपेठ | बुधवार, सकाळी ११.३०

माझ्या वडिलांच्या नावानं एका कंपनीचे शेअर होते, कागदी. लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो आणि शेअरसुद्धा केंद्राच्या गुंतवणूकदार निधीत जातात. आयईपीएफ-५ हा फॉर्म भरून परत मिळतात, पण आधी डीमॅट खातं लागतंय. मी अर्ध्यावर आहे, झालं की लिहितो.

एलआयसीचं: दावा न केलेली रक्कम दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथून मागता येते, पण त्या निधीत २५ वर्षं पडली तर मग मात्र खरोखरच सरकारची. म्हणजे काका पूर्ण चुकीचे नव्हते, बँकेच्या बाबतीत चुकले. पावत्यांवर पॉलिसी नंबर असेलच. हप्ते तीन वर्षं भरलेले असतील तर जुनी पॉलिसी बंद पडली तरी काही किंमत राहत होती. जवळच्या शाखेत नंबर देऊन विचारा.

खानापूरकर | बुधवार, रात्री ९.५०

आणि ती विकास पत्रं?

कॅश_काउंटर_३ | बुधवार, रात्री १०.२०

इंदिरा विकास पत्र म्हणजे नोटेसारखं. १९८६ ला आलं, १९९९ ला बंद. त्यावर नाव नसायचं, ज्याच्या हातात त्याचं. सुरुवातीला पाच वर्षांत दामदुप्पट होतं, त्यामुळे लग्नात आहेर म्हणून देत. नाव नाही म्हणून हरवलं, जळालं, ओळखू न येण्याइतकं फाटलं तर दुसरं मिळत नाही. शाबूत असलेलं पोस्टात घेऊन जा. वाळवीचं पण न्या, नंबर आणि शिक्का दिसतोय का ते तिथल्यांना बघू दे, पण त्याच्यावर घर बांधू नका.

खानापूरकर | पुढचा शुक्रवार, रात्री ८.१५

बँकेत जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

मॅनेजर तरुण, रायचूरकडचे. मराठी येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. पासबुक बघून त्यांना आनंदच झाला, शिपायाला बोलावून दाखवलं. जुना खाते क्रमांक आताच्या संगणकात चालत नाही, दोन विलीनीकरणांत नंबर बदललेत. जुन्या लेजरच्या यादीवरून नवा नंबर शोधायला त्यांना वीस मिनिटं लागली. खातं आहे. पैसे निधीत गेलेत. नॉमिनी कोरा.

नॉमिनी नाही म्हणून कागद जास्त: मृत्यू दाखला, दावा-अर्ज, नाडकचेरीतून (इथलं महसूल कार्यालय) वंशावळ, हमीपत्र, आणि दावा न करणाऱ्या सगळ्या वारसांची ना-हरकत. एवढ्याशा रकमेला कोर्टाचं वारस प्रमाणपत्र लागणार नाही म्हणाले.

सगळे वारस म्हणजे बाबा, काका आणि आत्ती. आत्तीला दिलंय चंदगड तालुक्यात. म्हणजे जिल्हा वेगळा, राज्य वेगळं. तिच्या आधारवर सासरचं नाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. माहेरची सुशीला, तिकडची पार्वती. आता हे कसं सिद्ध करायचं?

चंदगडी | शुक्रवार, रात्री ८.४०

आमच्या घरात तीन सुना बेळगावकडच्या, तिघींचं हेच. लग्नपत्रिका शोधा. मिळाली तर सोनं. नाहीतर माहेरच्या शाळेचा दाखला आणि सासरचं रेशन कार्ड जोडून प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात दोन्ही नावं. ते कर्नाटकात करा, बँक तिथली आहे. आमच्याकडचा महाराष्ट्राचा स्टॅम्प नेला होता तर परत पाठवलं.

आणि आत्तीला आधी फोन करा, कागद नंतर पाठवा. नुसती सही मागितली की बहिणींच्या मनात जमिनीचंच येतं, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

कॅश_काउंटर_३ | शुक्रवार, रात्री ९.१५

चंदगडींना दुजोरा. काउंटरवर बघितलंय, सात हजारांच्या ठेवीवरून दोन भाऊ बोलायचे बंद झालेत. नॉमिनी असता तरी पैसा त्याचा एकट्याचा होत नाही, तो वारसांच्या वतीनं घेतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ लाच हे विम्याबद्दल सांगितलंय. तरी लोक "नॉमिनी मी, पैसा माझा" म्हणून भांडतात. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी उद्या जाऊन लावा. नावाचं स्पेलिंग आधारबरहुकूम.

खानापूरकर | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.३०

उशीर झाला, माफी.

आत्ती स्वतः आली. फोनवर सही म्हटल्यावर गप्प झाली होती, मग म्हणाली, "मीच येतो, दादाचं घर पण बघायचंय." बेळगावहून खानापूरला जाताना लाल बसमध्ये गंमत झाली. कर्नाटकचं आधार म्हणून आईचं तिकीट फुकट, आत्तीनं महाराष्ट्राचं आधार काढल्यावर कंडक्टरनं पूर्ण तिकीट फाडलं. "तिकडं अर्धं असतंय की ओ," म्हणून आत्ती खानापूरपर्यंत भांडत होती.

लग्नपत्रिका नाही मिळाली, पण त्याच ट्रंकेत आत्तीच्या लग्नातल्या आहेराची वही होती. वर आबांच्या अक्षरात "चि. सौ. कां. सुशीला हिचे लग्न", तारीख, नवऱ्याचं नाव, गाव. बँकेला ती पुरावा म्हणून चालत नाही, शाळेचा दाखलाच लागला. आत्तीनं मात्र बाकड्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कुणी पाच रुपये, कुणी स्टीलचा तांब्या. काकांनी त्यातलं एक नाव वाचून दाखवलं, ज्याच्याशी आमची तीस वर्षं बोलचाल नाही, त्यानं सगळ्यात जास्त दिलेत. अकरा रुपये.

पैसे आले. व्याजासकट ८,४०० च्या वर थोडे. खर्च: प्रतिज्ञापत्रं, स्टॅम्प, झेरॉक्स, बसभाडी, तीन वेळचा चहा मिळून हजाराच्या आत. विकास पत्र एक पोस्टानं ठेवून घेतलंय, वर विचारतो म्हणाले. वाळवीचं लगेच परत दिलं. एलआयसीत नंबर देऊन आलोय. पीएफचं पोर्टलवर टाकलंय, अजून "प्रलंबित". नातूंनी चौदा महिने म्हटलंय, त्यामुळे विचारत नाही.

बाबा आणि काका म्हणाले, सगळे आत्तीच्या नावावर ठेवूया. तिचं तिकडं खातं आहे, पण तिला याच शाखेत, आबांच्या बँकेत पाहिजे होतं. मॅनेजरनी उघडून दिलं. नवं पासबुक छापून हातात आलं, ती बाहेर पडायला लागली, मी म्हटलं, थांब, आधी नाव बघू दे.

उचगाव_एक्सप्रेस | रविवार, सायंकाळी ६.३४

सांगू नका.

खानापूरकर | रविवार, सायंकाळी ६.३७

पार्वतीच्या टीपुढे. तिथंच बसून बदलून घेतलं, पाऊण तास गेला. शेवटची बस चुकली.